जुनं पिवळं कार्ड

रविवार, २८ सप्टेंबर २०२५. मालवण

सकाळी दुकान उघडून प्लॉटर चालू करतोय, तोवर तारकर्लीच्या वहिनींचा फोन. नमस्कार नाही की चमत्कार नाही. "तुझ्या कार्डान माझ्या पावण्यांक ओरसाक उतरवल्यान!"

नाशिकचं वयस्कर जोडपं. हातात वहिनींच्या निवास-न्याहारीचं कार्ड, पाठीमागे 'कसे याल' म्हणून छोटा नकाशा. रेल्वेची काळी-पांढरी रेघ, तिच्यावर 'सिंधुदुर्ग' स्टेशन आणि त्याला खेटून किल्ल्याचं चित्र. दोघं सरळ सिंधुदुर्ग स्टेशनला उतरली. आधी किल्ला बघू, मग तारकर्लीला जाऊ, असा हिशेब. बाहेर येऊन त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, चालत किती वेळ लागेल?

कार्ड माझंच. २०१९ साली केलेलं, पिवळ्या आर्टकार्डावर, हजार प्रती. डाव्या बाजूला समुद्रात किल्ला काढायचा होता, पण तिथे वहिनींचा फोन नंबर आला. मग मी किल्ला उचलून उजवीकडे सरकवला. नकाशात दीड इंच. जमिनीवर तीस-पस्तीस किलोमीटर.

नवं कार्ड फुकट करून देतो म्हणालो. "फुकट नको, बरोबर कर," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मंगळवार, ३० सप्टेंबर

एसटीने कट्टा, कसाल करत ओरोसला गेलो. तिथल्या सिंधुदुर्ग स्टेशनाची पाटी बघायलाच गेलो, दुसरं काही काम नव्हतं. लोक हसतील, पण पाट्या रंगवण्यात तीस वर्षं गेलेला माणूस आणखी काय बघायला जाणार?

सिंधुदुर्ग हा शब्द पेंटरचा घामटा काढणारा. वरच्या मजल्यावर वेलांटी, अनुस्वार आणि शेवटी रफार. तळमजल्यावर दोन उकार. शिरोरेघेच्या वर आणि अक्षरांच्या खाली मोकळी जागा सोडली नाही, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना असला त्रास नाही, ती पोलीस परेडला उभी राहावीत तशी एका उंचीची. म्हणून इंग्रजीच्या मापाने आखलेल्या पट्टीत देवनागरी बसवायला गेलं की आपली अक्षरं बारीक करावी लागतात. दोन ओळींतलं अंतर आधी देवनागरीसाठी ठरवावं, इंग्रजी त्यात आपोआप बसते. हे मला, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, त्या मास्तरांनी शिकवलं, मास्तरांना कुणी ते माहीत नाही.

कुडाळच्या पाटीवर आणखी एक गंमत असते. मराठीत कुडाळ, हिंदीत कुडाल. एका ळ वरून कळतं, कुठली ओळ कुणासाठी. सावंतवाडीत तर फरक फक्त ड च्या खालच्या टिंबाचा. तेवढं टिंब द्यायला मी एकदा विसरलो होतो आणि वर चढून परत खाली उतरेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

नावाचा उगम बघितला तर रेल्वेला दोष देता येत नाही. किल्ला १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतला. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा जिल्हा झाला, त्याला किल्ल्याचं नाव. जिल्ह्याचं मुख्यालय ओरोसला, म्हणून तिथल्या स्टेशनाला जिल्ह्याचं नाव. नाव दोन पायऱ्या चढून डोंगराकडे आलं, किल्ला मात्र दर्यातच राहिला. याच मार्गावर सावंतवाडी रोड आहे, वैभववाडी रोड आहे, नांदगाव रोड आहे. रेल्वेच्या भाषेत 'रोड' म्हणजे, बाबा रे, गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथे आहे. फार प्रामाणिक शब्द. सिंधुदुर्गाच्या पुढे तो लागला असता तर नाशिकच्या आजी-आजोबांची वणवण वाचली असती.

स्टँडवरच्या रिक्षावाल्याला विचारलं, असे किती येतात?

"रोज एक तरी इचारताच. किल्लो हंय खंयचो? किल्लो मालवणात. मी आदी पाणी पाजतंय, मगे सांगतंय."

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

हत्यारांची पूजा. प्लॉटरला झेंडूचा हार, कटरला हळदकुंकू, आणि डब्यातले जुने ब्रश काढून ओळीने मांडले. सहा नंबरचा चपटा ब्रश हातात घेतला आणि कुडाळची ती भिंत आठवली.

१९९७ साल. मास्तरांच्या हाताखाली होतो. एका हॉटेलमालकाला भिंतभर रेल्वेचा नकाशा हवा होता, मुंबई ते मंगळूर. वर नाथ पै आणि मधू दंडवते यांच्या तसबिरी लावलेल्या, त्यांच्या बरोबर खाली. ते योग्यच होतं, कारण ही रेघ कागदावर येण्याआधी कितीतरी वर्षं त्यांच्या भाषणांत होती. गाड्या तेव्हा मुंबईकडून सावंतवाडीपर्यंत यायच्या. पुढे पेडण्याचा बोगदा अडला होता. माती चिखलासारखी, खणलं की वरून ढासळायची. कोकण रेल्वे बांधणाऱ्या श्रीधरन यांच्या माणसांनी कठीण कातळ फोडून काढला, पण या मऊ मातीने त्यांना दमवलं. मालक म्हणाला, आता उघडेलच, तू आख्खी रेघ काढ. मी काढली. तांबड्या इनॅमलने, भरीव, थेट मंगळुरापर्यंत.

महिन्याभरात मालकच कंटाळला. चहाला येणारा प्रत्येक माणूस रेघेवर बोट ठेवून विचारायचा, मडगावची गाडी कितीला? मास्तर आले, भिंत बघितली आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, "ज्या गाडीत आज चढता येत नाही, तिची रेघ भरीव काढायची नाही." मी सावंतवाडीच्या खालची रेघ तुटक केली. २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकुरापर्यंत मार्ग जुळला आणि मी पुन्हा शिडीवर चढून मधल्या फटी भरल्या. सुमारे ७४० किलोमीटर, दोन हजारांहून जास्त पूल, ९१ बोगदे. माझ्या वाट्याचं काम अर्ध्या तासाचं.

त्या भिंतीवर खारेपाटण रोड आणि आचिर्णे ही स्टेशनं नव्हती. ती फार नंतर वाढली. भिंत त्याआधीच पडली, म्हणून माझी सुटका झाली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

मुंबईची मेट्रो तीन कालच्या उद्घाटनानंतर आजपासून लोकांसाठी पूर्ण सुरू. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं. मालवणात बसून मला त्याचं काय? तर लेक सीप्झला नोकरीला आहे. रात्री उत्साहात फोन. आतापर्यंत घरी यायचं म्हणजे बॅग घेऊन रिक्षाने अंधेरी, तिथून लोकल, दादरला पूल चढून दुसरी लोकल, आणि मग सीएसएमटीला कोकणकन्या. आता सीप्झला जमिनीखाली शिरायचं ते सीएसएमटीलाच वर यायचं.

फोन स्पीकरवर होता. आईने, म्हणजे तिच्या आजीने, मध्येच विचारलं, "म्हणजे बोरीबंदरासून गाडी पकडतलस मां गो?"

घरात एका स्टेशनाची चार नावं नांदतात. आईचं बोरीबंदर, १८५३ सालचं. माझ्या तोंडात व्हीटी. बायको १९९६ नंतर मुंबईत राहिली, ती सीएसटी म्हणते. लेकीचं सीएसएमटी, २०१७ पासूनचं. पाटी एका रात्रीत बदलते, जीभ बदलायला पिढी जाते. कार्डावर अर्थातच पाटीवरचं नाव येणार, कारण पाहुणा पाटी वाचून उतरतो, माझ्या आईला विचारून नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

लेकीने फोटो पाठवलाय. एका गाडीच्या डब्यातली दारावरची स्टेशनांची पट्टी. कुठली गाडी ते लिहीत नाही, मुंबईत गाड्या पुष्कळ. पट्टीवर एका जागी वेगळ्या पिवळेपणाचा चौकोन चिकटवलाय, एक कोपरा सुटलेला, आणि सुटलेल्या कोपऱ्याखालून जुनं नाव डोकावतंय. खाली तिची ओळ: "बाबा, तुमच्या धंद्यातली पोस्टमॉर्टेम करा."

केली. मार्ग टप्प्याटप्प्याने उघडतो तेव्हा पट्टी करणाऱ्यापुढे दोनच वाटा असतात. एक, पूर्ण मार्ग पहिल्याच दिवशी छापायचा आणि न उघडलेला भाग झाकायचा. उघडला की ठिगळ काढायचं. दुसरी, उघडलंय तेवढंच छापायचं आणि प्रत्येक टप्प्याला पट्टी बदलायची. मेट्रो तीनचंच बघा: ऑक्टोबर २०२४ मध्ये बीकेसीपर्यंत, मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौकापर्यंत, आता कफ परेड. वर्षभरात शेवटचं स्टेशन दोनदा बदललं. पहिली वाट स्वस्त. पण ठिगळाचा गोंद मागे राहतो, गोंदावर धूळ बसते आणि जिथे नवं स्टेशन दिमाखात दिसायला हवं तिथेच काळा डाग पडतो. शिवाय माणूस ठिगळ नखाने खरवडतोच. मी स्वतः खरवडतो.

दुसरी वाट महाग, आणि काम नुसत्या पट्टीवर भागत नाही. दारावरची पट्टी बदलली की स्टेशनातला भिंतीवरचा नकाशा आला. ज्या दुसऱ्या मार्गाला हा मार्ग जोडतो, तिथले नकाशे आले. मरोळ नाक्याला मेट्रो एक भेटते, म्हणजे घाटकोपर-वर्सोव्याकडचा माणूसही या बदलात आला. तिकिटाचं यंत्र, डब्यातली घोषणा, कुठल्या दाराने बाहेर पडायचं ते बाण, बाहेरच्या लोकल स्टेशनातली 'मेट्रोकडे' ही पाटी. एक जरी जुनी राहिली तर माणूस नेमका तिच्याच समोर येऊन उभा राहतो. २०१६ ला जोगेश्वरी-गोरेगावमध्ये राम मंदिर घुसलं, २०१८ ला एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं, जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल गेली आणि त्याच सुमाराला ठाणे-वाशी मार्गावर दिघा गाव आलं. प्रत्येक वेळी कुणीतरी रात्रीच्या बंद यार्डात डबा-डबा फिरून चाकूने जुनी पट्टी सोलली असणार. त्या माणसाचं नाव नकाशाच्या कोपऱ्यात कधीच येत नाही.

मधे स्टेशन घुसलं की आणखी पंचाईत. पट्टीवर स्टेशनं सारख्या अंतरावर असतात. एक वाढलं की पुढची सगळी सरकतात. लांब नाव असेल तर मेलोच. 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' दोन ओळींत मोडावं लागतं, आणि मोडायचं कुठे हे ज्याला मराठी कळतं त्यानेच ठरवावं. देवनागरी तिरकी लिहायची टाळावी हे माझं मत. तिरक्या शिरोरेघा एकापाठोपाठ आल्या की डोळ्यांपुढे कौलारू छप्पर उभं राहतं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

कार्डाचा कच्चा आराखडा. लंडनचा हॅरी बेक विजेच्या जोडण्यांची ड्रॉइंग काढणारा माणूस; त्याने १९३३ च्या भुयारी रेल्वेच्या नकाशात खरी अंतरं सोडून दिली. रेघा सरळ, आडव्या-उभ्या किंवा तिरक्या. स्टेशनं सारख्या टप्प्यांवर. जमिनीवरच्या सगळ्या खुणांतून ठेवली ती फक्त थेम्स नदी. मुंबईच्या रेल्वेचा असाच नकाशा आयआयटीच्या आयडीसीत मंदार राणे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केला. मला दोन्ही आवडतात. पण बेकचा माणूस स्टेशनातून बाहेर आला की पोचलेला असतो. आमचा माणूस कुडाळला बाहेर आला की त्याचा खरा प्रवास सुरू होतो: नेरूरपार, चौके, कुंभारमाठ, भरड. म्हणून मी बेकची अर्धीच गोष्ट उचलली. रेल्वेची रेघ सरळ केली, स्टेशनापासून मालवणापर्यंतच्या रस्त्याला मात्र किलोमीटर लिहिले. आणि त्याने थेम्स ठेवली तसा मी दर्या ठेवला, किल्ला त्यात. फोन नंबर हलवला.

मुंबईहून येणाऱ्यांसाठी कार्डावर मेट्रो तीनची रेघही घेतली. तिला रंग कुठला द्यावा? तिकडे त्याला 'अ‍ॅक्वा' म्हणतात. शेड कार्ड उघडून बसलो होतो. शेवटी दांडीच्या किनाऱ्यावर जाऊन उभा राहिलो. पावसाचं गढूळ पाणी ओसरलं की ऑक्टोबरात दर्या नेमका त्या रंगाचा होतो. आता समुद्र आणि मेट्रो एकाच रंगात आले तर गोंधळ, म्हणून समुद्र फिका केला. समुद्र काय तक्रार करणार नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

आजपासून कोकण रेल्वेचं नेहमीचं वेळापत्रक. पूर्वी पावसाळी वेळापत्रक १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, यंदा १५ जून ते २० ऑक्टोबर. पावसात गाड्या मुद्दाम हळू चालवतात. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीने झालेला अपघात इथे कुणी विसरलेलं नाही, उशिराबद्दल कुणी कुरकुरलं तर म्हातारी माणसं एवढंच म्हणतात, "येऊंदे सावकाश."

म्हणजे कार्डावर वेळा छापल्या तर वर्षातून दोनदा खोट्या पडणार. वेळा काढून टाकल्या. गाड्यांची नावं आणि स्टेशनं ठेवली. त्यातही एक ध्यानात आलं: जुन्या कार्डावर मी 'कुडाळला उतरा' एवढंच लिहिलं होतं. जून २०२३ मध्ये वंदे भारत आली. ती आपल्या जिल्ह्यात फक्त कणकवलीला थांबते. नवी रेघ नाही, एक नवं स्टेशन नाही, तरी कार्ड जुनं झालं होतं आणि मला दोन वर्षं पत्ता नव्हता. नव्यात लिहिलं: 'कोकणकन्या, मांडवी, तुतारी: कुडाळ. वंदे भारत: कणकवली.' चिपीचा विमानतळ २०२१ चा, मोपाचा त्यानंतरचा, तेही घातले.

पूजेला बत्ताशांबरोबर नव्या कार्डाचं प्रूफ ठेवलं. आईने बघितलं आणि म्हणाली, किल्लो बरो इलो.

शनिवार, २५ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुटीची गर्दी. दुकानात कोल्हापूरचे एक गृहस्थ, तारकर्लीला दरवर्षी येणारे. प्रूफ टेबलावर होतं. ते बोटाने वैभववाडीपासून उजवीकडे हवेतच रेघ ओढून म्हणाले, "आमची रेघ कुठाय वो?"

कोल्हापूर-वैभववाडी. शंभरावर थोडे किलोमीटर, २०१६ च्या सुमाराला मंजूर, घाटातून खाली उतरणारा मार्ग. झाला तर कोल्हापूरकर सकाळी निघून दुपारी सुरमई खातील. त्यांचं म्हणणं, निदान तुटक तरी दाखवा, लोकांच्या नजरेत राहील, दबाव येईल. त्यात तथ्य नाही असं नाही. कोकण रेल्वेही आधी लोकांच्या नजरेतच होती. पण ते काम भाषणाचं आणि अर्जाचं. माझं कार्ड रात्रभर प्रवास करून आलेल्या, हातात दोन बॅगा असलेल्या माणसासाठी. तुटक रेघेचा अर्थ कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत लिहिलेला असतो आणि तो कुणीही वाचत नाही. मास्तरांनी मला तुटक रेघ शिकवली, तीस वर्षांनी मी तीही काढायची नाही असं ठरवलंय. नाही म्हणालो. ते थोडे रुसले, पण दोन रेडियमच्या नंबरप्लेट करून घेऊन गेले.

बुधवार, २९ ऑक्टोबर

छापून झालं. पाचशेच प्रती, हजार छापल्या की संपेपर्यंत माणूस जुनंच वाटत राहतो. पांढरं कार्ड, पिवळं नाही. खाली डाव्या कोपऱ्यात, फोन नंबराच्याही आधी: 'माहिती ऑक्टोबर २०२५ पर्यंतची.' वहिनींना ही ओळ पटली नाही. "पुढच्या वर्षी जुना दिसतला मां?" म्हणाल्या. त्यासाठीच घातली, म्हटलं.

दुकानाबाहेरच्या माझ्या स्वतःच्या बोर्डावरही हाच नकाशा लावला, व्हिनाइल, वर लॅमिनेशन. खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे टिकेल. स्क्रू त्याच्या आधीच गंजतील.

सोमवार, ३ नोव्हेंबर

वहिनींकडे पुण्याचं कुटुंब आलं. कुडाळला उतरलं, नेरूरपारमार्गे आलं, कुणालाही न विचारता. फोन आला नाही, म्हणून मीच करून विचारलं.

२०१९ ची अजून निदान दोन-तीनशे कार्डं लोकांच्या पाकिटांत, फ्रिजवर, डायऱ्यांत असतील. कार्ड पिवळं असेल आणि किल्ला स्टेशनाला चिकटलेला असेल, तर कृपा करून ते फाडून टाका. नवं दुकानात ठेवलंय, येऊन घेऊन जा.